शाळा आणि शाया

माझ्या टेबलाच्या खणात साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्यावर मामाने निळ्या शाईने 'माय, दिवाळी १९९३' असे लिहिले आहे. त्या वर्षी त्याने नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तो नीट चालतो का हे पाहण्यासाठी आजीला ओसरीवर बसवून बोलते केले होते. आजी अकोला जिल्ह्यातल्या एका लहान गावात जन्मली, चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात नांदली आणि तिथेच गेली. कॅसेटमध्ये ती आपल्या लहानपणाविषयी बोलते, मध्येच कोणाला तरी गाईला पाणी दाखवायला सांगते, आणि एकदा थांबून विचारते की हे यंत्र आपले बोलणे खरेच धरून ठेवते आहे की नुसतेच फिरते आहे.

पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकत असताना आम्हाला एक स्वाध्याय मिळाला होता. घरातल्या कोणाचेही पाच मिनिटांचे बोलणे घ्यायचे आणि ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, म्हणजे वर्गात आम्ही जिला 'आयपीए' म्हणत असू त्या लिपीत, उतरवून आणायचे. मी ही कॅसेट निवडली. ध्वनिलिपीचा हात अजून बसला नव्हता, म्हणून आधी देवनागरीत कच्चे लिहून घ्यावे आणि मग त्यावरून चिन्हे काढावीत असे मी ठरवले. पहिलेच वाक्य लिहिले: 'मला शाळेत कोणी धाडलेच नाही.' मग कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. आजी म्हणत होती: 'मले शायेत कोनी धाडलंच नाई.'

पाच शब्दांच्या त्या वाक्यात मी पाचही शब्द बदलले होते, आणि बदलताना मला त्याची जाणीवही झाली नव्हती. कान आजीचे ऐकत होता आणि हात शाळेत शिकवलेले लिहीत होता. ध्वनिलिपी कशासाठी लागते याचे उत्तर त्या वर्गात अनेकांनी अनेक प्रकारे दिले असेल, पण मला ते त्या दुपारी वहीच्या पहिल्या ओळीत मिळाले.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. दुसरीपर्यंत मी आजीकडे होते आणि तिसरीला पुण्यात आले. वाचनाच्या तासाला मी 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोया' असा केला. बाईंनी मला वर्गासमोर उभे केले आणि तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला. दहाव्या वेळी माझा 'ळ' बरोबर आला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांना माझे भलेच करायचे होते. पण त्या दिवसापासून मी आजीच्या पत्रांना उत्तर लिहिताना आणि पुढे फोनवर तिच्याशी बोलताना एक एक शब्द तपासून बोलू लागले. आजीला 'ळ' म्हणता येत नाही, अशी माझी समजूत त्याच वयात पक्की झाली. ती समजूत पुढे वीस वर्षे टिकली.

आपण सगळे लहानपणी एक वाक्य ऐकतो की देवनागरीत जसे बोलतो तसे लिहितो आणि जसे लिहितो तसे वाचतो. इंग्रजीच्या शेजारी ठेवले तर हे वाक्य बरेच खरे वाटते. पण ध्वनिलिपीत मराठी लिहायला बसल्यावर पहिल्याच तासात त्याला तडे जातात. 'चंद्र' म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूला लागतो, तर 'चांदणे' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मुळाशी येते आणि 'त्स' असा आवाज होतो. दोन्ही शब्द एकाच कुळातले, दोन्हींचे पहिले अक्षर एकच, आणि दोन्हींचे पहिले ध्वनी वेगळे. 'जग' हा शब्द नाम असेल तेव्हा एक 'ज' आणि 'सुखाने जग' असा आशीर्वाद देताना दुसरा 'ज'. 'जीवन' आणि 'जगणे' यांतही तोच भेद. याहून नवल म्हणजे हा भेद आपण एकाच शब्दाच्या रूपांत सतत करत असतो. 'त्याचा' मधला 'चा' दातांजवळचा, 'त्याची' मधला 'ची' टाळूचा. लिहिताना 'त्याचे' लिहिले तर टाळूचा, आणि बोलताना 'त्याचं' म्हटले की पुन्हा दातांजवळचा. मराठी घरात वाढलेले चार वर्षांचे मूल या जागा न चुकता बदलते, आणि लिपी त्यातली एकही नोंदवत नाही. मराठी शिकणारा परभाषक माणूस मात्र 'चार' आणि 'चारा' हे शब्द एकाखाली एक पाहून गोंधळतो. पूर्वी लोक 'च्यार' असे लिहीत असत, त्यात निदान एक खूण होती. लेखन नीटनेटके करताना ती गेली.

अनुस्वाराचेही तसेच आहे. 'संत', 'अंक' आणि 'संबंध' या शब्दांत एकच टिंब तीन वेगवेगळ्या अनुनासिकांचे काम करते. 'सिंह' आणि 'संशय' मध्ये त्याचा उच्चार आणखी वेगळा. आणि 'झाडं' किंवा 'केलं' लिहितो तेव्हा त्या टिंबात नाकाचा संबंधच उरलेला नसतो, शेवटचा 'अ' पूर्ण आणि थोडा लांब म्हणायचा, एवढेच ते सांगते. 'म्हैस', 'न्हावी' आणि 'कोल्हा' ही आणखी एक गंमत. लिहिताना आपण दोन व्यंजने जोडतो, पण 'म्ह' म्हणताना ओठ एकदाच मिटतात आणि श्वास 'म' च्या अंगातच मिसळलेला असतो, जसा तो 'भ' मध्ये 'ब' बरोबर असतो. 'भ' ला स्वतंत्र अक्षर मिळाले, 'म्ह' ला मिळाले नाही, कारण ही वर्णमाला ज्या भाषेसाठी रचली गेली त्या संस्कृतात 'भ' होता आणि 'म्ह' असा एकसंध ध्वनी नव्हता.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. शब्द ओळखू येण्यासाठी लिपीला सगळे ध्वनी दाखवावे लागत नाहीत, आणि दाखवू लागली तर पुण्याचा, नागपूरचा आणि मालवणचा माणूस एकमेकांचे वर्तमानपत्र वाचू शकणार नाही. २००९ साली शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले तेव्हा 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. 'बॅट' आणि 'बॉल' यांची आपल्याला रोज गरज पडते, ते योग्यच झाले. 'च' चे दोन ध्वनी मात्र आजही एकाच अक्षरात नांदतात आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते फक्त एखाद्या माणसाचे बोलणे त्याच्या आवाजासह कागदावर ठेवायचे असेल तेव्हा.

पण देवनागरीच्या या मर्यादा सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. ध्वनी तोंडात कुठे आणि कसा घडतो, हे पाहून अक्षरांची रांग लावण्याची कल्पना याच मातीतली आहे. कंठापासून ओठांपर्यंत कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. प्रत्येक वर्गात आधी अघोष, म्हणजे गळ्यात कंप न होणारे ध्वनी, मग कंप होणारे घोष, शेवटी अनुनासिक. प्रातिशाख्ये लिहिणाऱ्यांनी वेदपठणाचा उच्चार बिघडू नये म्हणून स्थान, प्रयत्न, घोष आणि नाद यांचा जो विचार केला, तो आजही वाचताना अंगावर काटा येतो. त्यांच्यापाशी यंत्र, क्ष-किरण यांपैकी काही नव्हते. स्वतःची जीभ आणि स्वतःचा कान एवढेच होते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, 'अग्निमीळे' मध्ये, 'ळ' आहे. ऋक्प्रातिशाख्यात त्याचे कारणही दिलेले आहे: दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'ड' चा 'ळ' होतो. पुढच्या अभिजात संस्कृतात हा 'ळ' दिसत नाही. म्हणून संस्कृतात 'कमल', हिंदीतही 'कमल', मराठीत 'कमळ', आणि माझ्या आजीच्या तोंडी 'कमय'. तिसरीच्या वर्गात मला हे माहीत असते तर काही फरक पडला असता असे नाही. पण शुद्धतेचा धागा किती ठिकाणी किती वेगळा विणला गेला आहे हे कळल्यावर त्या दहा वेळांच्या 'डोळा' कडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

विल्यम जोन्स या प्राच्यविद्येच्या इंग्रज अभ्यासकांनी कोलकात्यात बसून आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर निबंध लिहिला. तो १७८८ साली एशियाटिक सोसायटीच्या पहिल्या खंडात छापून आला. नागरीच्या रचनेपुढे इंग्रजीची अक्षरे आणि त्यांचे लेखन किती तोकडे आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. पुढे विल्यम व्हिटनी या अमेरिकी संस्कृतज्ञांनी १८६२ मध्ये अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह प्रसिद्ध केले. घोष आणि अघोष यांचा भेद गळ्यातल्या कंपनाने होतो, ही गोष्ट पाश्चात्त्य अभ्यासकांच्या हाती अशा वाटेने नेमकेपणाने आली. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये लिहून ठेवले आहे की जोन्स यांनी ज्यांची ओळख करून दिली ते भारतीय वैयाकरण आणि ध्वनिशास्त्रज्ञ नसते, तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पना करणे अवघड होते. या वाक्याचा उपयोग आपल्याकडे पुष्कळदा अभिमानाने मान ताठ करण्यासाठी होतो. मला त्यातून दुसरीच गोष्ट दिसते. ज्यांनी इतके बारीक ऐकले त्यांनी ते एका पाठाच्या रक्षणासाठी ऐकले, आणि त्यांच्या वारसांनी, म्हणजे आम्ही, घरातल्या बायकांचे बोलणे त्याच कानाने कधी ऐकले नाही.

युरोपातही ध्वनिलिपीची सुरुवात सुधारण्याच्या इच्छेतूनच झाली. अलेक्झांडर मेल्व्हिल बेल हे वक्तृत्व आणि उच्चार शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १८६७ साली 'व्हिजिबल स्पीच' नावाची लिपी प्रसिद्ध केली, जिच्यात प्रत्येक चिन्ह म्हणजे जीभ, ओठ आणि कंठ यांच्या स्थितीचे छोटे चित्र होते. ते तिचे जाहीर प्रयोग करत. मुलगा ग्रॅहम, जो पुढे टेलिफोनमुळे जगाला माहीत झाला, त्याला सभागृहाबाहेर पाठवत. श्रोत्यांपैकी कोणी परभाषेतला शब्द म्हणे, कोणी नुसताच विचित्र आवाज काढे. वडील ते फळ्यावर चिन्हांत लिहीत आणि मुलगा आत येऊन, आधी काहीही ऐकलेले नसताना, तो आवाज जसाच्या तसा काढून दाखवी. ध्वनिलिपीची याहून चोख परीक्षा मला माहीत नाही. पण याच लिपीचा उपयोग बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यासाठी झाला, आणि ग्रॅहम बेल यांनी खुणांच्या भाषेऐवजी तोंडी बोलण्याचाच आग्रह आयुष्यभर धरला. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने तोच पक्ष घेतला आणि अनेक देशांतल्या बहिऱ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. उच्चार टिपण्याचे साधन उच्चार लादण्याचे साधन किती सहज होते, याचे हे मोठे उदाहरण आहे. दहा वेळा 'डोळा' हे त्याचे अगदी लहान रूप.

आज जगभर वापरली जाणारी ध्वनिलिपी पॅरिसमध्ये जन्मली. पॉल पासी आणि त्यांच्यासारख्या भाषाशिक्षकांनी १८८६ मध्ये एक संघटना काढली. परकीय भाषा शिकवताना मुलांना आधी ध्वनी कळावेत आणि मग स्पेलिंग, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी सुचवले की प्रत्येक भाषेसाठी निराळी लिपी करण्यापेक्षा सर्व भाषांना पुरेल अशी एकच करावी. १८८८ मध्ये पहिला आराखडा छापून आला. भेद करणाऱ्या प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र अक्षर, आणि तोच ध्वनी दुसऱ्या भाषेत आला तर तेच अक्षर. संघटनेचे मासिक तर जवळजवळ शतकभर, १९७० पर्यंत, पूर्णपणे ध्वनिलिपीतच छापले जात असे. त्यातला लेख वाचताना लेखक कुठला आहे हे त्याच्या स्वरांवरून ओळखू येई.

या लिपीतली एक गोष्ट मला फार आवडते. नवी अक्षरे हवी होती, पण छापखान्यांकडे नवे खिळे पाडायला पैसे नव्हते, तेव्हा असलेला खिळा उलटा लावण्याची युक्ती वापरली गेली. मराठीत सतत येणारा आपला 'अ' हा त्या लिपीत रोमन छोटा 'ई' उलटा करून लिहितात. 'घर', 'मन', 'जवळ', सगळीकडे तो उलटा 'ई'. मूर्धन्य ध्वनींना, म्हणजे 'ट', 'ड', 'ण', 'ळ' यांना, रोमन अक्षराच्या पायाशी उजवीकडे वळलेली शेपटी असते. आमचे सर म्हणत की जीभ तोंडात वळते तशी शेपटी कागदावर वळते, असे लक्षात ठेवा. आणि 'य' साठी रोमन 'जे' वापरतात, कारण जर्मन आणि इतर काही भाषांत त्या अक्षराचा उच्चार तसाच आहे.

वर्गाच्या भिंतीवर त्या लिपीचा तक्ता होता. आडव्या रांगेत ध्वनी कोठे घडतो ते: ओठ, दात, दंतमूल, मूर्धा, तालू, कंठ. उभ्या रांगेत तो कसा घडतो ते: अडवून, नाकातून, थरथरून, घासून, बाजूंनी. शेपटीचा 'एल', म्हणजे 'ळ', मूर्धेच्या रकान्यात होता. त्याच्या अगदी शेजारच्या, तालूच्या रकान्यात, एक ओळ वर 'य'. एका चौकोनाचे अंतर. त्या तक्त्यात एकही चौकोन दुसऱ्याहून वरच्या दर्जाचा नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या भाषांमधले जीभ चटकवून काढलेले ध्वनी त्यात आहेत, आणि २००५ मध्ये खालचा ओठ वरच्या दातांवर आपटून होणारा एक ध्वनी मध्य आफ्रिकेतल्या भाषांसाठी त्यात नव्याने घातला गेला. कोणी तरी तो बोलत होते, आणि कोणी तरी तो ऐकून जागा मागितली.

'ळ' चे 'य' का होते हेही मला तो तक्ता पाहतानाच नीट कळले. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, टाळूला स्पर्श करते आणि झटकन पुढे येते, तर हवा जिभेच्या बाजूंनी निघते. हे बरेच कष्टाचे काम आहे. कोकणपट्टीतल्या आगरी आणि कोळी बोलण्यात जीभ वळण्याचे सोडून देते पण बाजूंनी हवा सोडते, म्हणून तिथे 'काळा' चे 'काला' होते. वऱ्हाडात आणि खानदेशात टोक टेकायचेच राहते आणि जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, म्हणून 'काया', 'डोया', 'शाया'. दोन्हीकडे एकच कष्ट दोन वेगळ्या रीतींनी वाचवलेले आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात बायबलमधल्या उधळ्या मुलाची तीच ती गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत दिली आहे. त्यातली वऱ्हाडीची पाने वाचताना मला आजीच्या आजीचा आवाज ऐकू येतो. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात तर प्रत्यक्ष माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले आहे. ज्याला आपल्या गावची बोली गावंढळ वाटते त्याने ते एकदा कान देऊन ऐकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वाध्यायाकडे परत येते. देवनागरीचा कच्चा मसुदा मी फाडून टाकला आणि थेट ध्वनिलिपीतच लिहायला घेतले. पाच मिनिटांच्या बोलण्याला मला अकरा दिवस लागले. एक वाक्य पंधरा-वीस वेळा ऐकायचे, थांबवायचे, स्वतः म्हणून पाहायचे, जीभ कुठे लागते ते चाचपायचे आणि मग चिन्ह काढायचे. आजीच्या तोंडात तेव्हा समोरचे दोनच दात उरले होते. तिच्या 'स' मधून बारीक शीळ निघे. लहानपणापासून ती शीळ मी ऐकली होती, पण ती आहे हे मला कधी जाणवले नव्हते. बोलण्यातले दोष नोंदवण्यासाठी १९९० साली या लिपीला एक पुरवणी जोडली गेली आहे. शिळेसारख्या 'स' साठी तिच्यात अक्षराखाली वर टोक असलेला बाण काढतात. आजीचा 'स' दोष म्हणून नोंदवायला मन घेईना, पण बाण काढल्यावाचून ती शीळ कागदावर आली नसती. मी बाण काढले. 'सासू' या शब्दाखाली दोन आले.

सातव्या दिवशी मी त्या जागी पोहोचले जिथे आजी तिच्या वडिलांकडे आलेल्या मास्तरांची हकिकत सांगते. मास्तर परगावचे होते. आजी सांगते: 'मास्तर बापाले म्हने, पोरगी हुशार आहे, तिला शाळेत पाठवा. बाप म्हने, शायेत जाऊन काय करीन थे?' मी नेहमीप्रमाणे दोन्हीकडे उलटा 'ई', 'जे', अशी सवयीची चिन्हे काढत गेले. नंतर तपासण्यासाठी पुन्हा ऐकले, आणि तिथेच थांबले. मास्तरांच्या तोंडच्या वाक्यात आजी 'शाळेत' म्हणाली होती. स्वच्छ, मूर्धेवरून आपटलेला 'ळ'. 'ठ' आणि 'ळ' दोन्ही मास्तरांसारखे, 'तिला' ही मास्तरांचे, 'तिले' नव्हे. आणि पुढच्याच श्वासात, वडिलांच्या तोंडी, पुन्हा 'शायेत'.

मी ते दोन शब्द किती वेळा ऐकले याची गणती नाही. आजीला 'ळ' येत होता. तिला तो सबंध आयुष्य येत होता. तो मास्तरांचा होता, म्हणून ती मास्तरांचे सांगताना तेवढ्यापुरता काढी आणि आपले बोलताना बाजूला ठेवी. ज्या शाळेत तिला कोणी धाडले नाही, त्या शाळेचा ध्वनी तिच्यापाशी सत्तर वर्षे जपून ठेवलेला होता. देवनागरीत सवयीने लिहिले असते तर दोन्ही जागी 'शाळेत' आले असते आणि ही गोष्ट माझ्या हाती कधीच लागली नसती. सवयीच्या चिन्हांत लिहूनही ती पहिल्या फेरीत निसटलीच होती. ध्वनिलिपी आपोआप खरे बोलत नाही. ऐकणारा जितके ऐकेल तितकेच ती लिहिते.

तिच्या इतर मर्यादाही मला त्या अकरा दिवसांत कळल्या. बोलणे एकामागून एक ठेवलेल्या मण्यांसारखे नसते. 'शायेत' मधला 'य' कुठे सुरू होतो आणि 'ए' कुठे, हे नक्की सांगता येत नाही, तरी लिपी दोघांना वेगवेगळ्या चौकोनांत बसवते. एकच ध्वनी दोन जाणकार दोन प्रकारे लिहितात. ढोबळ लिहावे की बारीक, हा निर्णय लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो. गाईच्या गळ्यातली घंटा, आजीच्या बांगड्या, वडिलांचे वाक्य सांगून झाल्यावर तिने घेतलेला लांब श्वास, यांतले काहीच माझ्या वहीत नाही. श्वासाच्या जागी मी एक उभी रेघ काढली आहे, विराम दाखवणारी.

स्वाध्याय देण्याच्या आदल्या दिवशी माझी एक वर्गमैत्रीण घरी आली. ती केरळची, मल्याळम बोलणारी. मराठी तिला कामापुरती येई, वऱ्हाडी तिने कधी ऐकलीही नव्हती. बेल यांच्या प्रयोगाची मला आठवण झाली. मी कॅसेट लावली नाही. तिच्यापुढे वहीचे पान ठेवले आणि मोठ्याने वाच म्हटले. ती एक एक चिन्ह जुळवत सावकाश वाचू लागली. तिचा 'ध' जरा 'द' कडे झुकत होता आणि वाक्याचा चढउतार तिच्या गावचा होता, पण 'शायेत' अगदी बरोबर आले, आणि 'कोनी' मधला 'न' ही. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. लाटणे थांबल्याचे मला ऐकू आले. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आई लग्न होऊन पुण्याला आली त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. तिच्या तोंडून मी कधी 'शाया' ऐकले नव्हते. माझ्याशी, शेजाऱ्यांशी, भाजीवाल्याशी, फोनवर स्वतःच्या आईशीसुद्धा ती काळजीपूर्वक 'ळ' म्हणत असे. मैत्रिणीने वाक्य पुन्हा वाचले. आईने मान हलवली आणि म्हणाली, "तशी नव्हती म्हणत माय." मग थोडे थांबून, दाराच्या चौकटीकडे पाहत, तिने ते वाक्य स्वतः म्हटले: "मले शायेत कोनी धाऽडलंच नाई."

मैत्रीण गेल्यावर मी कॅसेट पुन्हा लावली. आईचे बरोबर होते. 'धा' मधला 'आ' मी लिहिला होता त्याहून बराच लांब होता. दीर्घ स्वरापुढे समोरासमोर टोके केलेले दोन छोटे त्रिकोण काढतात, ते मी एकदा काढले होते. त्यांच्या शेजारी आणखी एकदा काढले, आणि आईला दाखवण्यासाठी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले.